प्रकरण ६ : ताळेबंदात न दिसणारं भांडवल

केंद्र सरकार दरवर्षी खरीप पिकांचे हमीभाव जाहीर करतं. त्या यादीत ज्वारीला दोन ओळी मिळतात, एक ‘संकरित’ आणि दुसरी ‘मालदांडी’. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरला आणि मालदांडीचा ३,७४९. यादी वाचणारा साधा माणूस विचारतो, दोन्ही ज्वारीच ना? मग हे वरचे पन्नास रुपये कशाचे?

सोलापूर-बार्शीच्या बाजारात गेलं तर हा फरक पन्नासावर थांबतही नाही. मालदांडीचा पांढरा, टपोरा, चमकदार दाणा, मऊ आणि किंचित गोडसर भाकरी, वर जनावरं आवडीने खातात असा कडबा. एवढ्यासाठी गिऱ्हाईक खुशीने जास्त पैसे मोजतं. पण हे गुण आपोआप आलेले नाहीत. कोणीतरी ते ओळखले, निवडले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. वरच्या पैशांतला मोठा वाटा या सांभाळलेल्या ज्ञानाचा आहे. अर्थशास्त्रात त्याला बौद्धिक भांडवल म्हणतात. हे भांडवल अन्नउद्योगाला टिकाऊ कसं करतं आणि ते नीट सांभाळलं नाही तर काय होतं, हे आपण या प्रकरणात सोलापूर जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहू.

१. तीन खाती

भांडवल म्हटलं की जमीन, इमारत, यंत्रं आणि बँकेतली शिल्लक डोळ्यांसमोर येते. हे सगळं कंपनीच्या ताळेबंदात लिहिलेलं असतं. पण सगळी यंत्रं जागेवर आहेत आणि कामाची माणसं मात्र सोडून गेली, तर कारखाना चालेल का? नाही चालणार. म्हणजे ताळेबंदात न लिहिलेलंही काहीतरी भांडवल असतं.

ते मोजायचा एक गाजलेला प्रयत्न स्वीडनमधल्या स्कँडिया या विमा आणि वित्त कंपनीने केला. १९९१ मध्ये तिने लेफ एडविन्सन यांना खास बौद्धिक भांडवलाचे संचालक नेमलं आणि १९९४ मध्ये वार्षिक अहवालाला या भांडवलाची पुरवणी जोडली. त्यानंतरच्या अभ्यासकांमध्ये या भांडवलाची तीन खाती रूढ झाली.

पहिलं खातं माणसांचं. त्यात माणसाच्या डोक्यातलं आणि हातातलं ज्ञान येतं. संध्याकाळी माणूस घरी गेला की हे भांडवलही त्याच्याबरोबर घरी जातं.

दुसरं खातं व्यवस्थेचं. लिहून ठेवलेली कृती, तपासणीची पद्धत, नोंदवह्या, नोंदणीकृत वाण, कायद्याने मिळालेले हक्क हे सगळं त्यात येतं. माणसं गेली तरी हे मागे उरतं.

तिसरं खातं नात्यांचं. त्यात गिऱ्हाइकाचा विश्वास, व्यापाऱ्याशी असलेला व्यवहार, शेजारच्या शेतकऱ्याचं सहकार्य आणि मालाचं नाव येतं.

हे भांडवल विरजणासारखं असतं. शेजारणीला वाटीभर दिलं तरी आपलं कमी होत नाही. पण रोज दूध घालून ते चालू ठेवावं लागतं. महिनाभर विसरलं की फुकट जातं. पाणी आणि डिझेल वापरलं की संपतं, ज्ञान मात्र संपत नाही. म्हणून अन्नउद्योग टिकाऊ करायचा, तर जिथे जमेल तिथे पाणी, खत आणि इंधनाचं काम ज्ञानाकडून करून घ्यायचं.

२. पावसाचा हिशेब

ज्ञान पाण्याचं काम कसं करतं, ते आकड्यांत पाहू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होतं. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस सुमारे साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ५५ लाख लिटर. तेही पावसाने मनावर घेतलं तर.

उसाला वर्षाकाठी साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. कमीत कमी आकडा धरला आणि पडलेला प्रत्येक थेंब पिकाला मिळाला असं मानलं, तरी ९५० मिलिमीटर कमी पडतात. हे हेक्टरी ९५ लाख लिटर उजनी धरणाच्या कालव्यातून, विहिरीतून किंवा बोअरमधून आणावे लागतात.

आता याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी घ्या. तिथली काळी माती खोल आणि चिकण. एक मीटर खोलीच्या अशा मातीत पिकाला घेता येईल असं दीडशे ते पावणेदोनशे मिलिमीटर पाणी साठतं. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली ज्वारी मुख्यतः या साठलेल्या ओलीवर येते. तिला वेगळं धरण लागत नाही, तिच्या मुळाखालची माती हेच तिचं धरण.

पण ती ओल आपोआप टिकत नाही. पावसाळ्यात बांधबंदिस्ती करून पाणी शेतात जिरवायचं. ताटं विरळ ठेवायची, म्हणजे थोडी ओल थोड्यांनाच पुरते. पीक उभं असताना कोळपणी करून जमिनीच्या भेगा बुजवायच्या, म्हणजे ओल उडून जात नाही. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं कोरडवाहू शेतकरी म्हणतात ते याचसाठी.

या अनुभवाला शास्त्राची जोड जुनी आहे. १९३३ च्या सुमारास सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं सुरू झाली. पाऊस पडतो किती, वाहून जातो किती, मातीत राहतो किती याच्या नोंदी तिथे झाल्या. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रात गावरान मालदांडीतून निवड करून ‘एम ३५-१’ हा वाण तयार झाला. रब्बी ज्वारीचा नवा वाण आला की त्याची तुलना आजही याच वाणाशी करतात. शेतकऱ्याच्या नजरेतलं ज्ञान पहिल्या खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं ते असं. आधी ते त्या परिसराचं होतं, मग ते दख्खनभर पसरलं.

पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हा विचार आणखी बारीक केला. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिले. हुरड्यासाठी फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी. आपली जमीन किती खोल आहे आणि माल कशासाठी विकायचा आहे, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत असली की खतापाण्याचा बराच फुकट खर्च वाचतो.

३. नान्नजची नजर

सोलापूरजवळचं नान्नज बाहेरच्यांना माळढोक अभयारण्यामुळे माहीत असतं. द्राक्ष बागायतदारांना मात्र ते नानासाहेब काळे यांच्यामुळे माहीत आहे. थॉम्पसन सीडलेसच्या वेलींमधून त्यांनी ‘सोनाका’ हा लांबट मण्यांचा वाण निवडला. ‘किशमिश चोर्नी’ या रशियन मूळ असलेल्या काळ्या द्राक्षातून ‘शरद सीडलेस’ निघाला, तोही नान्नजच्याच बागेत.

प्रयोगशाळा नसताना नवा वाण कसा निघतो? कधी कधी एखाद्या फांदीत आपोआप जनुकीय बदल होतो आणि त्या फांदीची द्राक्षं इतरांहून वेगळी येतात. हजारो वेलींच्या बागेत हे कधीतरी घडतंच. बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही, किंवा फांदी छाटणीत जाते. ज्याच्या लक्षात येतं, तो त्या फांदीची काडी वेगळी लावतो, काही हंगाम तपासतो आणि गुण टिकतो का ते पाहतो. नेमकी हीच नजर म्हणजे पहिल्या खात्यातलं भांडवल.

अडचण पुढे येते. द्राक्षाची काडी कोणीही नेऊन लावू शकतो. ज्याने वर्षानुवर्षं निरीक्षण केलं त्याला काय मिळणार? भारताने २००१ मध्ये पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला, तो या प्रश्नाला उत्तर म्हणून. या कायद्याखाली शेतकरीही स्वतः निवडलेला वाण आपल्या नावावर नोंदवू शकतो. झाडं आणि वेलींना १८ वर्षांपर्यंत आणि इतर पिकांना १५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. त्याच वेळी सामान्य शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा, वापरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क कायम राहतो. छापील नावाच्या पिशवीत घालून विकायला मात्र परवानगी नाही. शोधणाऱ्याला मोबदला आणि वापरणाऱ्याला मोकळीक, दोन्ही साधण्याची ही कसरत आहे.

द्राक्षाने दुसऱ्या खात्याचं महत्त्वही शिकवलं. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. चूक काहींची, फटका सगळ्यांना. कारण पेटी कोणाच्या बागेतली, हे सांगायची सोयच नव्हती. त्यानंतर २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकत्र बांधले गेले. पुढे डाळिंबासाठी ‘अनारनेट’ आलं. फवारणीची नोंदवही ही पूर्वी कटकट वाटायची; आता तीच परदेशी बाजाराचा परवाना झाली. शिवाय लिहावं लागतं म्हटल्यावर नको त्या फवारण्याही कमी होतात.

४. डाळिंबाचा धडा : ज्ञान शिळं होतं

सांगोल्याच्या माळरानावर ठिबक सिंचनाने डाळिंब उभं राहिलं आणि थोड्या पाण्यात मोठा पैसा मिळू लागला. या यशामागे ज्ञानाची लांब साखळी आहे. पुण्याच्या गणेशखिंड बागेत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९३६ च्या सुमारास केलेल्या निवडीतून ‘गणेश’ वाण आला. गणेशच्या संकरातून पुढे राहुरी विद्यापीठाचा ‘भगवा’ निघाला. लालभडक दाणे, जाड साल आणि लांबच्या प्रवासात टिकणारं फळ, त्यामुळे बहुतेक बागा भगव्याच्याच झाल्या.

तिथेच धोका होता. सगळीकडे एकच वाण असला की एका रोगाला सगळ्या बागा बळी पडू शकतात. ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाने ते करून दाखवलं. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग, मग फळाला तडे. पावसाच्या थेंबांबरोबर जिवाणू उडतो आणि रोगट गुटी कलमांबरोबर गावोगाव जातो.

२००५ मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झालं. तेल्याविरुद्ध एकच रामबाण औषध नाही, ही गोष्ट इथे समजून घेण्यासारखी आहे. उपाय म्हणजे शिस्तीची मालिका : निरोगी रोपं लावणं, छाटणीची कात्री दर झाडानंतर निर्जंतुक करणं, रोगट फळं बागेत न टाकता नष्ट करणं, झाडाला विश्रांती देणं, आणि शक्य तिथे पावसाळ्यात फळं येणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरणं. यातली बरीच कामं पैशांपेक्षा माहितीवर आणि शिस्तीवर चालतात.

आणि इथेच तिसरं खातं कामाला येतं. तुम्ही बाग लख्ख ठेवली, पण शेजाऱ्याने रोगट फळं बांधावर फेकली, तर तुमची मेहनत एका पावसात वाया जाते. म्हणून तेल्यावरचं ज्ञान एकट्याच्या डोक्यात असून भागत नाही, ते सगळ्या शिवाराने वापरावं लागतं.

सोलापूरच्या या डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ मध्ये ‘सोलापूर लाल’ हा वाण दिला. त्याच्या ताज्या दाण्यांत १०० ग्रॅममागे ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह आहे; भगव्यात ते २.७ ते ३.२ मिलिग्रॅम असतं. झाड तेवढंच, जमीन तेवढीच, पण ताटात पडणारं पोषण जास्त. टिकाऊ अन्नउद्योगाची ही दुसरी बाजू : जास्त पिकवण्याऐवजी जास्त सकस पिकवायचं.

५. नाव कोणाचं?

२०१६ मध्ये मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. ठरावीक प्रदेशातल्या मालाचा गुण त्या प्रदेशामुळे आलेला असेल, तर त्याचं नाव बाहेरच्यांनी वापरू नये, असा हा हक्क. १९९९ च्या कायद्याने तो मिळतो, नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. हक्क एका माणसाचा नसून त्या प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचा असतो. पण नाव वापरायला प्रत्येकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करायची असते.

मानांकनाने पैसे कसे मिळतात? एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, नाव लावून विकल्याने क्विंटलमागे ४०० रुपये जास्त मिळाले आणि स्वच्छता, तपासणी, पिशवी यांवर १५० रुपये गेले. उरले २५०. दहा क्विंटल पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याला २,५०० रुपये सुटतात. एवढ्यासाठी तो कशाला धावपळ करील? पण शंभर शेतकरी एकत्र आले, तर हजार क्विंटलचे अडीच लाख होतात. त्यातून नावावर लक्ष ठेवणारा एक माणूस नेमता येतो, बाजारातल्या नकली मालावर तक्रार करता येते. म्हणून मानांकनाचा फायदा मुळातच गटाने घ्यायचा असतो.

सोलापूरला हा धडा नवा नाही. सोलापुरी चादरीलाही मानांकन आहे. तरी बाहेर विणलेल्या चादरी तेच नाव लावून वर्षानुवर्षं विकल्या गेल्या. प्रमाणपत्र हे दुसऱ्या खात्यातलं भांडवल. त्यावर पहारा ठेवणारी संघटना नसेल, तर ते भिंतीवरच्या चौकटीत राहतं.

६. कडक भाकरीचा हिशेब

आता स्वयंपाकघरात येऊ. ज्वारी-बाजरीची पातळ, पापडासारखी कुरकुरीत कडक भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी ही सोलापूरची ओळख. या दोन पदार्थांत टिकाऊपणाचं शास्त्र आधीच आहे. भाकरीतलं पाणी जवळजवळ सगळं निघून गेल्यामुळे तिला बुरशी लागत नाही. फ्रीज लागत नाही, टिकवण्याचं रसायन लागत नाही. आज जिल्ह्यातल्या अनेक महिला बचत गटांचा हा चालता धंदा आहे.

पण हे ज्ञान कुठे साठवलेलं आहे? बहुतेक वेळा दोन-तीन जुन्या हातांत. पीठ किती ताजं हवं, उकळतं पाणी किती घालायचं, भाकरी कुठे जाड राहिली की ती मऊ पडते, कोणत्या आचेवर ती न करपता वाळते, हे त्यांनाच कळतं. समजा, एक गट दिवसाला हजार भाकऱ्या करतो. तरबेज हात असताना ३० मोडतात. त्या दोघी-तिघी सोडून गेल्या, तर १५० मोडतात. जादा मोड १२०. भाकरी आठ रुपयांची धरली, तर रोजचा तोटा ९६० रुपये. महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत २४,०००. ताळेबंदात कुठेही नसलेल्या कौशल्याची किंमत अशी काढता येते.

मग उपाय काय? पिठाचं आणि पाण्याचं माप लिहून काढणं, आचेची वेळ ठरवणं, नव्या बाईला जुन्या बाईच्या शेजारी बसवणं, आणि शिकवणाऱ्या बाईला शिकवण्याचे वेगळे पैसे देणं. शेवटचा मुद्दा बहुतेक गट विसरतात. शिकवल्याने आपली गरज संपेल अशी भीती असली, की कोणीही हातचं राखूनच शिकवणार.

२०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना यंत्रांसाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान देते. बचत गटातल्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं. पैसा आला की पहिली नजर यंत्राकडे जाते. यंत्र घ्यावंच, पण प्रशिक्षण, पाकिटावरची माहिती आणि दर्जाची तपासणी यांसाठीही रक्कम राखून ठेवायला हवी. नाहीतर यंत्र येतं आणि चव जाते.

७. मग ऊसच का वाढतो?

इथवर वाचून एखादा शेतकरी विचारील, ज्वारीत एवढं ज्ञान आहे, कमी पाण्यात येते, नावही मोठं आहे, तर तिचं क्षेत्र का घटतं आणि कालवा पोचला की ऊसच का लागतो? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही तीन खात्यांतच आहे.

ऊस लावला की कारखाना नोंद घेतो. किमान दर कायद्याने ठरतो. तोडणीला टोळी येते, वाहन येतं. शेतकरी सभासद असतो, गटात कारखान्याचा माणूस फिरतो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर अग्रभागी आहे. म्हणजे उसाचं दुसरं आणि तिसरं खातं भरगच्च आहे. पाणी जास्त लागत असलं, तरी डोक्याला घोर कमी.

ज्वारीचं उलटं. पहिलं खातं श्रीमंत, बाकी दोन अर्धवट भरलेली : वाण आणि मानांकन आहे, पण खरेदीची व्यवस्था नाही. हमीभाव जाहीर होतो, पण कारखान्यासारखा ठरलेला खरेदीदार बांधावर येत नाही. काढणी हाताने, ताटं उपटून. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. एखाद्या गावाने दहा वर्षं ज्वारी पेरली नाही, की कोळपणीची वेळ, पेरणीची ओल, हुरड्याची नेमकी अवस्था हे सगळं नव्या पिढीला अनोळखी होतं. बियाणं बँकेत ठेवता येतं, सवय ठेवता येत नाही.

त्यामुळे ज्वारी टिकवायची तर तिच्या या अर्धवट खात्यांत भर घालावी लागेल. गावपातळीवरच्या उत्पादक कंपनीने पेरणीआधीच भाव आणि खरेदी ठरवायची. मानांकनाची पिशवी आणि भाकरी करणारे बचत गट एकाच साखळीत आणायचे, म्हणजे मंगळवेढ्याचा दाणा जिल्ह्यातच भाकरी होऊन बाहेर पडेल. आणि सगळ्यांत आधी, मालदांडीची उंच ताटं कडबा न मोडता कापणारं, दोन-चार एकरवाल्याला भाड्याने परवडणारं यंत्र गावोगाव पोचवायचं. ज्वारीवरच्या संशोधनाचा पुढचा रुपया नव्या वाणाआधी या काढणीवर खर्च झाला, तर शेतकऱ्याला ज्वारी सोडण्याचं एक मोठं कारण उरणार नाही.